उजेड कडेबरोबर वळत नाही

पेडण्यातल्या केरीच्या वाळूवरून खाडीपलीकडचा तेरेखोल किल्ला टिपलेली छायाचित्रे गोव्यात जागोजागी दिसतात: उपाहारगृहांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, मोबाइलच्या पडद्यांवर. त्यांतली बरीचशी संध्याकाळची असतात आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रांत टेकडीच्या माथ्याला लागून आभाळात एक फिकट पट्टा असतो. तो तटाच्या रेषेबरोबर वर चढतो, बुरुजापाशी वळतो, झाडाच्या शेंड्याला वळसा घालून पुन्हा खाली उतरतो. पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. किल्ला कापून चिकटवल्यासारखा वाटतो, एवढेच. आता गंमत अशी की समुद्राकाठच्या आभाळात फिकट पट्टा खरोखरच असतो. क्षितिजाकडे पाहताना नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते, त्या थरात बाष्प आणि मिठाचे कण असतात, म्हणून आभाळ खाली येता येता पांढुरके होत जाते. पण हा पट्टा क्षितिजाला समांतर पसरलेला असतो. मध्ये किल्ला उभा आहे की माड, याचे त्याला सोयरसुतक नसते. छायाचित्राच्या संपादनात उपटणाऱ्या वलयांवर हे पुस्तक आहे, आणि त्याचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे. खरा उजेड वस्तूच्या कडेबरोबर वळत नाही. संपादनाने आणलेले वलय वळते. उजेडाबद्दल खोटे बोलल्याशिवाय ते तयारच होऊ शकत नाही, म्हणून त्याला शेवटी पुसायचा डाग समजून चालत नाही. ते कोणत्या टप्प्यावर शिरले, तिथे जाऊन विचार करावा लागतो.

वलय येते कुठून हे कळायला शाळेतले अंकगणित पुरते. पडद्यावरच्या चित्रात प्रत्येक बिंदूचा उजळपणा साधारणतः 0 ते 255 या आकड्यांत मांडतात. समजा आभाळ 200 आहे आणि टेकडी 40. ‘क्लॅरिटी’सारखी पट्टी (स्लायडर) सरकवली की संगणक, अगदी साध्या रूपात सांगायचे तर, प्रत्येक बिंदूची त्याच्या आसपासच्या सरासरीशी तुलना करतो आणि सापडलेला फरक वाढवतो. टेकडीपासून दूर, मोकळ्या आभाळात बिंदू 200 आणि सरासरीही 200. फरक शून्य, म्हणून बदलही शून्य. टेकडीला खेटून असलेल्या आभाळाच्या बिंदूभोवती मात्र अर्धे आभाळ आणि अर्धी टेकडी येते. तिथे सरासरी 120, फरक 80. तो निम्म्याने वाढवायचा म्हटला की 200 चा बिंदू 240 वर जातो. कडेच्या अलीकडे याच्या नेमके उलट घडते: टेकडीचा 40 चा बिंदू 0 वर, म्हणजे ठार काळ्यावर येतो. सगळे आभाळ एकसारखे असताना टेकडीलगतचे तेवढे 240 झाले आणि टेकडीची कड जळल्यासारखी काळी झाली. हा पट्टा किती रुंद, ते सरासरी काढताना किती दूरवरचे बिंदू धरले यावर, म्हणजे ‘रेडियस’वर ठरते. ‘शॅडोज’ची पट्टी उचलली तरी प्रकार तोच. अंधारा भाग कोणता हे संगणक पुसट नकाशावरून ठरवतो, त्या नकाशाची सीमा टेकडीच्या कडेवर नेमकी बसत नाही, मग टेकडीबरोबर तिच्या लगतचे आभाळही उचलले जाते. एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. लोकांना वलयाची पांढरी बाजू दिसते, काळी बाजू नजरेतून सुटते. नार्वेच्या सप्तकोटेश्वर मंदिराचे चुन्याने रंगवलेले शिखर मागच्या गर्द झाडीवर टिपले, तर पांढऱ्या कडेतला उरलासुरला तपशील जातो आणि शिखरालगतची पाने उगाच काळवंडतात. ते काळवंडणे पाहणारा ‘झाडीच तशी दाट असेल’ म्हणून पचवून टाकतो.

मग पट्ट्या सरकवायच्याच कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला पुन्हा आकडेच घ्यावे लागतात. प्रकाशाचा एक स्टॉप म्हणजे दुप्पट. चांगला सेन्सर 12 ते 14 स्टॉपचा पल्ला धरू शकतो, आणि 14 स्टॉप म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागात 16,384 पटींचा फरक. चकचकीत कागदावरची छपाई 7 स्टॉपच्या आसपास, म्हणजे सुमारे 128 पटींवर थांबते. खरबरीत कागद त्याच्याही अलीकडे. हरवळ्याच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात उभे राहिले की हे सगळे एका चौकटीत येते: भिजून काळाशार झालेला कातळ, त्यावरून कोसळणारा पांढरा फेस, आणि वर फांद्यांच्या फटींतून दिसणारे ढगाळ, डोळे दिपवणारे आभाळ. हा पल्ला कागदावर आणायचा तर आवळावाच लागेल. आवळणे हा अपराध नाही, ती छायाचित्रणाची जुनी गरज आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास समुद्राची चित्रे करताना पाण्यासाठी एक आणि आभाळासाठी दुसरी अशा काचेच्या दोन निगेटिव्ह वापरल्या आणि त्या एकाच कागदावर छापल्या. त्याचा जोड लपला, कारण तो समुद्राच्या सरळ क्षितिजावर होता. मध्येच एखादा माड उभा असता तर त्या कडेने त्याला रडवले असते. अडचण आवळण्यात नाहीच. आवळताना उजेडाची उतरंड मोडते तिथे आहे. सर्वांत उजळ काय, त्याखाली काय, त्याखाली काय, हा क्रम मूळ दृश्यात जसा होता तसा चित्रात राहिला तर फरक कितीही कमी केला तरी डोळा मानतो. वलय हा क्रम मोडते: एकसारखे आभाळ दोन पायऱ्यांत विभागते आणि टेकडीलगतच्या तुकड्याला उगाच वरची पायरी देते.

‘हे सगळे जुने झाले, आता सॉफ्टवेअरच कड ओळखते’ हा पहिला मोठा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. टोमासी आणि मांडुची यांनी 1998 मध्ये मांडलेल्या बायलॅटरल फिल्टरची कल्पना अशी की सरासरी काढताना ज्याचा उजळपणा फारच वेगळा आहे त्या शेजाऱ्याला मोजायचेच नाही. म्हणजे आभाळाच्या बिंदूची सरासरी आभाळापुरती, टेकडीची टेकडीपुरती. वरच्या हिशोबातले ते घातक 120 येतच नाहीत. 2002 मध्ये ड्युरँड आणि डॉर्सी यांनी हीच युक्ती प्रखर उजेड-सावलीची चित्रे आवळायला वापरली. पण या फिल्टरने कडेपाशी कधीकधी उजळपणाचा चढ-उतार उलटा होऊन बारीक रेघ उमटते, असे पुढे दिसून आले. 2008 मध्ये फार्बमन आणि सहकाऱ्यांनी, 2010 मध्ये काइमिंग हे आणि सहकाऱ्यांनी गाइडेड फिल्टरने, 2011 मध्ये पॅरिस, हॅसिनॉफ आणि काउट्झ यांनी लोकल लाप्लाशियन पद्धतीने त्यावर उपाय शोधले. आज आपण विकत घेतो त्या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्यांमागे या संशोधनाचे मोठे देणे आहे, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची भडक वलये आता कमी दिसतात ती त्यामुळेच. तरीही आक्षेपाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. या सगळ्या पद्धती उजळपणातली उडी ओळखतात. उडी कशामुळे आली ते त्यांना कळत नाही. मांद्र्याच्या किनाऱ्यावरचे माडाचे एक चुडत घ्या. पात्यांमधल्या फटींतून आभाळ डोकावते, फट दोन-तीन बिंदूंची, पात्याची कड उन्हात पारदर्शक पिवळी. इथे आभाळ कुठे संपले आणि पाते कुठे सुरू झाले, याचे उत्तर एका बिंदूत दोन्ही आहेत असेच येते. कोणताही फिल्टर इथे काहीतरी गृहीत धरतो, आणि ते चुकते तेव्हा सगळ्या चुडताभोवती राखाडी धूर उठल्यासारखा दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक मुरलेला आहे आणि तो चित्रकलेकडून येतो. डोळाच वलये निर्माण करतो, मग छायाचित्राने केली तर काय बिघडले? एर्न्स्ट माख याने 1865 मध्ये दाखवले की उजळ आणि गडद पट्टे शेजारी आले की सीमेपाशी डोळ्याला जास्त उजळ आणि जास्त गडद रेघ दिसते; प्रत्यक्षात ती तिथे नसते. दृष्टिपटलातल्या पेशी शेजारच्या पेशींना दाबतात म्हणून असे होते, हे हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यावरच्या प्रयोगांतून उलगडले, आणि 1967 च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. जॉर्ज सोरा या चित्रकाराने तर हे जाणूनबुजून रंगवले. अस्निएर इथल्या स्नानाच्या त्याच्या 1884 च्या भव्य चित्रात आकृतीची उजळ बाजू जिथे आहे तिथे मागची पार्श्वभूमी गडद, सावलीची बाजू जिथे आहे तिथे ती उजळ. हे सगळे खरे. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपाच्या विरुद्ध जातो. डोळा स्वतःची रेघ स्वतः घालणारच आहे; चित्रात आधीच एक घातली तर पाहणाऱ्याला दोन मिळतात. शिवाय सोराने कोणत्या कडेला किती उजेड द्यायचा हे कड पाहून ठरवले. पट्टी सरकवणारा हात तसे काहीच ठरवत नाही. देवळाचे शिखर, विजेची तार, कावळा आणि डोंगर यांना तो एकाच मापाचे वलय बहाल करतो. सोरासारखे जाणीवपूर्वक करणाऱ्याशी या पुस्तकाचे भांडण नाही. तसे करणारे मला तरी फारसे दिसत नाहीत.

याच्याच जोडीला सांगितले जाते की वलय पूर्ण काढले तर चित्र मऊ, बेचव होते. यात तथ्य आहे, कारण धार देण्याची नेहमीची रीत वलयावरच चालते. ‘अनशार्प मास्क’ हे नाव अंधारखोलीतून आले आहे: मूळ निगेटिव्हची एक पुसट प्रत काढून ती निगेटिव्हला जोडून छापत, त्यामुळे कडा उठून येत. संगणकाने तेच केले. म्हणून वलय शून्यावर आणणे हे ध्येय नव्हेच. ते दिसण्याच्या मर्यादेखाली ठेवणे हे ध्येय. ही मर्यादा काढता येते. हातभर अंतरावरून चित्र पाहताना निरोगी डोळ्याला सुमारे 0.1 मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा कळतो. इंचाला 300 बिंदूंनी छापले तर एका बिंदूची रुंदी सुमारे 0.085 मिलिमीटर. म्हणजे एक बिंदू रुंदीचे वलय वेगळे दिसत नाही, फक्त धार जाणवते. दोन बिंदूंचे काठावर. पण तीस बिंदूंच्या रेडियसने केलेले काम कागदावर अडीच मिलिमीटरचा पट्टा होऊन बसते, आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो. धार आणि वलय यांत जातीचा फरक नाही, मापाचा आहे; आणि माप कागदाच्या आकारावर ठरते. मोबाइलसाठी चालणारी फाइल प्रदर्शनासाठी मोठी केली की फसते, ती यामुळे. म्हणूनच धार देणे हे सर्वांत शेवटचे काम, छपाईचा आकार ठरल्यानंतरचे. ते वेगळ्या थरावर करून उजळणारा अर्धा भाग काळवंडणाऱ्या भागापेक्षा पुष्कळ कमी ठेवला तर बहुतेक आभाळे वाचतात.

आता कडेचा प्रत्येक उजेड संशयित समजून पुसत सुटले तर दुसरी चूक होते. डिचोलीतल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेची चित्रे त्यासाठी नीट पाहावीत. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री होमखण, म्हणजे लाकडांचा मोठा ढीग, पेटतो, आणि पहाटेच्या सुमारास हातात बेत घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात. ज्वाळा, धूर, अंधार आणि घामेजलेली अंगे: याहून प्रखर विरोधाचे दृश्य डिचोलीत शोधून सापडणार नाही. इथे तेजोवलये खरी असतात. ज्वाळेभोवतीचा लालसर उजेड धुराच्या कणांवर पडलेला असतो. तो उगमापाशी सर्वांत जास्त आणि दूर जाताना विरत जातो. आगीच्या अलीकडून धावणाऱ्या धोंडाच्या खांद्यावर जी तांबडी रेघ उमटते तीही खरी. खऱ्या-खोट्याचा निवाडा इथे फार सोपा आहे: पाठीमागून आलेला उजेड माणसाच्या स्वतःच्या कडेवर पडतो, म्हणजे रेघ खांद्याच्या आत असते, कातडीचा पोत घेऊन येते आणि आगीकडच्या बाजूलाच असते. संपादनाचे वलय खांद्याच्या बाहेर, पार्श्वभूमीवर बसते, त्याला पोत नसतो, आणि आग कुठे आहे याची फिकीर न करता ते चारही बाजूंनी फिरते. चित्र 100 टक्क्यांवर उघडून रेघ आत आहे की बाहेर एवढे पाहिले तरी निर्णय होतो. अशा चित्रांत सावल्या उचलण्याचा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे. रात्र काळी असते. तिथे गर्दीतला प्रत्येक चेहरा दाखवायचा हट्ट केला की धुराचा पोत जातो आणि माणसांभोवती राखाडी कोष उरतो.

‘हा सगळा रुचीचा प्रश्न आहे, ज्याला भडक आवडते त्याला भडक करू द्या’, असेही म्हटले जाते. लग्नाच्या अल्बमपुरते ते मान्य. डिचोलीतल्या खाणींच्या चित्रांना ते लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले, पुढे लिलाव झाले, आणि डिचोलीत खनिज पुन्हा हलू लागले. या काळात धूळ, मातीचे ढिगारे, पाण्याने भरलेले खड्डे आणि डंपरच्या रस्त्यांलगतची तांबडी झाडे यांची छायाचित्रे वादात दोन्ही बाजूंनी पुढे केली गेली. अशा चित्रावर ‘डीहेझ’ची पट्टी चालवली तर काय होते? या तंत्राच्या मुळाशी असलेली एक प्रसिद्ध पद्धत 2009 मध्ये काइमिंग हे, जिआन सुन आणि शाओऊ तांग यांनी मांडली. हवेतली धूसरता ती छोट्या चौकोनी तुकड्यांवरून अजमावते. तुकडा अर्धा डोंगरावर आणि अर्धा आभाळावर पडला की अंदाज चुकतो आणि डोंगराच्या रेषेवर वलय उठते. ते घालवायला त्याच लेखात आणखी एक पायरी जोडावी लागली होती, आणि पुढच्याच वर्षीचा गाइडेड फिल्टर हे काम झपाट्याने करू लागला. यंत्राने चूक केली नाही असे धरले तरी प्रश्न उरतो. धुळीचे चित्र काढायचे आणि त्यातली धूळच पुसायची, शिवाय ढिगाऱ्याच्या कडेला नसलेला उजेड बसवायचा, हे पुराव्याशी खेळणे झाले. कोणाच्या बाजूने, हे इथे गौण आहे. दूरचा ढिगारा फिकट आणि जवळचा गडद हा क्रम अंतर सांगतो; तो मोडला की ढिगारा वस्तीच्या किती जवळ आहे याचाही अंदाज बिघडतो.

उपायांची सुरुवात म्हणूनच टिपतानाच होते. आभाळ ठार पांढरे होणार नाही असे मोजमाप करून रॉ फाइल घेणे, दृश्य स्थिर असेल तर तिपाईवरून कमी-अधिक उजेडाच्या दोन-तीन चौकटी घेणे, आणि शक्य असेल तिथे उभे राहण्याची जागाच बदलणे, म्हणजे शिखरामागे आभाळाऐवजी डोंगर येईल असे पाहणे. हा तिसरा उपाय फुकटचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. हरवळ्याला चौकटी जोडण्याचा मार्ग अर्धाच उपयोगी, कारण पाणी आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या प्रत्येक चौकटीत वेगळ्या असतात. तिथे कातळ एका चौकटीतून आणि पाण्यासकट वरचे सगळे दुसऱ्या एकाच चौकटीतून घ्यावे. संपादनात आधी सबंध चित्राचा वक्र बसवावा, स्थानिक पट्ट्यांना नंतर हात लावावा. लाइटरूममध्ये 2021 पासून आभाळ एका टिचकीत निवडता येते, पण ती निवड चुडतांपाशी अडखळते आणि गडद केलेल्या आभाळात पात्यांभोवती मूळचे फिकट आभाळ शिल्लक राहते. तिथे निवडीची कड मऊ करणे हा पहिला सुचणारा आणि हमखास चुकणारा उपाय. मऊ कड म्हणजे रुंद वलय. त्याऐवजी उजळपणाच्या पल्ल्याने निवड छाटावी, म्हणजे फटींतले आभाळही तिच्यात येते. आणि जिथे वलय बसूनच गेले आहे, उदाहरणार्थ मूळ फाइल हरवलेल्या जुन्या चित्रात, तिथे फोटोशॉपचा क्लोन ब्रश ‘डार्कन’ रीतीवर ठेवून जवळच्याच निर्दोष आभाळाचा नमुना घ्यावा आणि कडेलगत फिरवावा. या रीतीत ब्रश फक्त नमुन्याहून उजळ बिंदूंना हात लावतो. गडद टेकडी आपोआप सुरक्षित राहते. नमुना मात्र त्याच उंचीवरचा घ्यायचा, कारण क्षितिजाकडे आभाळ खरोखर फिकट होते आणि वरचे निळे खाली आणले तर एका खोट्याच्या जागी दुसरे येईल.

मोबाइलचा प्रश्न यांहून अवघड आहे आणि पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यालाच दिले आहे. गूगलच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत एका टिचकीत कमी उजेडाच्या अनेक चौकटी घेऊन त्या जुळवल्या जातात आणि मग सावल्या उचलल्या जातात. आज बहुतेक फोन या ना त्या प्रकारे असेच काही करतात. म्हणजे आवळण्याचे सगळे निर्णय चित्र हाती येण्याआधीच झालेले असतात आणि वलय जेपेग फाइलमध्ये मुरलेले मिळते. अशा फाइलवर वर सांगितलेला ब्रश चालतो, पण 8 बिटांच्या आभाळात फार खोडाखोड केली की पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उमटतात. ज्या फोनमध्ये रॉ घेण्याची सोय आहे तिथे ती चालू करावी, फाइल मोठी होते याची तक्रार न करता. जिथे नाही तिथे आभाळावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढावा आणि फोनच्या स्वतःच्या संपादनातल्या ‘स्ट्रक्चर’, ‘डिटेल’ वगैरे पट्ट्या शून्यावरच राहू द्याव्यात. त्या प्रकरणातली उदाहरणे मुद्दाम साध्या फोनवरची घेतली आहेत, कारण पेडणे-डिचोलीत आज निघणारी बहुसंख्य चित्रे त्याच यंत्रातून निघतात.